राजाचा प्रतिनिधी आणि आमची सोलापूर नगरी

रविवारच्या मिस्सामध्ये मतांगीकार म्हणताना आपण एका राजप्रतिनिधीचे नाव उच्चारीत असतो. पंतय पिलात हा रोमच्या कैसराचा यहूदा प्रांतातील अधिकारी. न्यायासनावर तो बसला होता. परंतु त्याचा अधिकार त्याचा स्वतःचा नसून वरून दिलेला आहे, हे प्रभूने त्यास समक्ष सांगितले. धर्मग्रामाच्या या महोत्सवप्रसंगी आपल्या नगरीचा पूर्वेतिहास चाळता तेच सत्य आम्हांस येथेही दिसून आले.

1818 साली सोलापूर इंग्रजांच्या अंमलाखाली गेले आणि 1858 साली कंपनीचे राज्य संपून व्हिक्टोरिया राणीचे राज्य सुरू झाले. राणी सातासमुद्रांपलीकडे, प्रजेला दिसे तो जिल्ह्याचा कलेक्टर. कारभारात तो मुंबईच्या गव्हर्नरांचा ताबेदार. समारंभात मात्र राजाच्या ठिकाणी तोच. राजाच्या वाढदिवशी सलामी घ्यावी, दरबार भरवून रावसाहेब, रावबहादूर अशा पदव्यांच्या सनदा द्याव्यात, शेवटी अत्तरगुलाब व पानसुपारी व्हावी, असा जिल्ह्याजिल्ह्यांतून शिरस्ता असे.

हा सर्व पोकळ डामडौल होता असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. धर्माच्या कारणावरून कोणावर मेहेरबानी अथवा जुलूम होणार नाही, असे वचन राणीच्या 1 नोव्हेंबर 1858 च्या जाहीरनाम्यात होते. आपल्यासारख्या लहान समाजास त्याचे मोल सांगावयास नको. परंतु वचनाची पारख संकटकाळी होते. 1 जानेवारी 1877 रोजी राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे दिल्लीच्या दरबारात थाटाने जाहीर झाले, त्या समयी सोलापूर जिल्हा घोर दुष्काळाने होरपळत होता. उपाशी रयतेस दरबाराचे कौतुक ते काय असणार?

पुढे 6 एप्रिल 1930 रोजी सोलापूरच्या नगरपालिकेने आपल्या इमारतीवर राष्ट्रीय निशाण उभारले. महात्माजींच्या अटकेनंतर, मे महिन्यात, शहरात गोळीबार व जाळपोळ झाली. कलेक्टर हेन्री नाईट यांचा अंमल चालेनासा झाला आणि 12 मे रोजी लष्करी कायदा पुकारण्यात आला. लोकांनी मनातून काढून घेतलेला मान बंदुकीच्या बळावर परत मिळत नसतो. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा व कुर्बान हुसेन या चौघांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले. दरबारातील पदवीधरांची नावे आज कोणाच्या ओठी नाहीत. या चौघांपुढे मात्र सोलापूर अद्याप नतमस्तक होते.

1947 साली स्वातंत्र्य आले आणि 26 जानेवारी 1950 रोजी राजाचे उरलेसुरले नावही गेले. कलेक्टरची कचेरी राहिली, सलामीही राहिली. पण ती आता प्रजेच्या ध्वजाला दिली जाते. मान खुर्चीचा नसून ज्याच्या नावाने तिच्यावर बसावयाचे त्याचा असतो, हा या इतिहासाचा बोध.

वाचकहो, हा बोध केवळ अधिकाऱ्यांसाठी नाही. आपणही बाप्तिस्म्याच्या दिवसापासून एका राजाचे प्रतिनिधी आहोत. प्रभूला न पाहिलेला आपला शेजारी त्याची पारख आपल्यावरूनच करणार. महोत्सवाच्या पताका उद्या उतरतील. त्यानंतर गरजवंत दाराशी आला असता पिलाताप्रमाणे हात न धुता आपण तो पुढे करू काय, याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा, ही नम्र विनंती.