तैलव्यक्तिचित्राची अजिंठ्यातील शाळा

तैलरंगातील व्यक्तिचित्रणाचे कूळ शोधू जाता आपल्याकडील पुष्कळजण युरोपातील दालनांकडे बोट दाखवितात. परंतु अभिजात कृतीची प्रत करता करता हात तयार करण्याचा जो शिरस्ता महाराष्ट्रात रुजला, त्याचा खरा वर्ग १८५७ साली स्थापन झालेल्या जे. जे. कलाशाळेच्या इमारतीपेक्षा अजिंठ्याच्या अंधाऱ्या लेण्यांत भरला, असे माझे मत आहे. कंपनी सरकारने १८४४ मध्ये रॉबर्ट गिल यास अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती करण्याच्या कामी नेमले होते. त्याने वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक तैलप्रती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत खाक झाल्या. पुढे १८७२ पासून, सरकारी खर्चाच्या तजविजीनिशी, जे. जे. कलाशाळेतील शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन अजिंठ्यास जाऊ लागला.

मूळ चित्रे सुक्या गिलाव्यावरील, प्रत मात्र कॅनव्हासवर तैलरंगांत. आणि येथेच खरी शिकवण होती. तैलरंग सावकाश सुकत असल्याने गालाची छाया ओलेपणीच मुरवून घेता येते, पण अजिंठ्याचा चित्रकार तोच गाल मुख्यतः रेषेने वळवितो व नाकाच्या दांडीवर पांढरट उजेडाचा एक फटकारा देऊन चेहरा भिंतीबाहेर काढतो, हे सोडविल्याखेरीज लेण्यातील बोधिसत्त्व पद्मपाणीचा चेहरा कॅनव्हासवर उतरत नसे. (चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून या मंडळींनी मूळ भिंतींनाच वार्निश फासले व ते कालांतराने काळवंडले, शिष्याच्या सोयीसाठी गुरूचेच तोंड माखण्याचा हा प्रकार अक्षम्य होय.) आमच्या पळसदेव गावी उजनी धरणाचे पाणी ओसरले की पळसनाथाचे जुने देऊळ उघडे पडते, व्यक्तिचित्र शिकू पाहणाऱ्या मुलास जिवंत माणसापूर्वी त्या कोरीव दगडांपुढेच बसवावे, असे मी म्हणतो ते याच दाखल्याने.

ग्रिफिथ्सच्या तुकडीतील पेस्तनजी बोमनजी यांना पुढे व्हॅलेंटाईन प्रिन्सेप या इंग्रज चित्रकाराचेही मार्गदर्शन लाभले. १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधील आगीत या तुकडीच्याही पुष्कळ प्रतींची आहुती पडली आणि ग्रिफिथ्सने १८९६–९७ मध्ये अजिंठ्यावरील दोन खंड प्रसिद्ध केले. इकडे पेस्तनजी त्या भिंतींवर तयार झालेल्या हाताने पारशी घरांतील माणसे रंगवीत होते, आणि तैलव्यक्तिचित्रकार म्हणून मुंबईत त्यांचा लौकिक झाला होता.