ग्रंथ हवाली करणारे हात

मंडळीचा इतिहास आपण बहुधा हुतात्म्यांपासून सांगायला लागतो. आज आपण जे हुतात्मे झाले नाहीत, त्यांच्यापासून सुरुवात करू.

इ.स. 303. सम्राट डायोक्लेशनने फर्मान काढलं: प्रार्थनामंदिरं पाडा, पवित्र शास्त्राच्या प्रती जाळा. मे महिन्यात उत्तर आफ्रिकेतल्या सिर्टा गावी झडती झाली. तिचा लेखी अहवाल आजही उपलब्ध आहे. कारकुनाने वस्तू मोजून लिहिल्यात: सोन्याचे 2 प्याले, चांदीचे 6, बायकांचे 82 झगे, बायकांच्या पादत्राणांचे 47 जोड, पुरुषांचे 13. सोन्याचांदीपेक्षा कपडेच जास्त! ही मंडळी गोरगरिबांची सोय पाहत असणार, असं आम्हांला ती यादी वाचून वाटतं.

ग्रंथ वाचकांच्या घरी होते. त्यांचे पत्ते सांगायला दोन उपडीकनांनी नकार दिला. हवं तर मारा, म्हणाले. त्यांना अटक झाली. मग नगराच्या कारकुनांनीच घरं दाखवली, आणि एकेका घरातून ग्रंथ निघाले. एका वाचकाच्या बायकोने 6 ग्रंथ आणून ठेवले. बिशप पौल समोरच होता. त्या बाईला आपण काय म्हणणार? आम्हांला तरी दगड उचलवत नाही.

छळ थांबला आणि खरं भांडण सुरू झालं. कार्थेजचा बिशप सिसिलियन याच्यावर हात ठेवणाऱ्यांपैकी फेलिक्स नावाच्या बिशपाने शास्त्र हवाली केलं होतं, असा आरोप झाला. चौकशीत तो निर्दोष ठरला, पण फूट सांधली नाही. विरोधी पक्षाला पुढे डोनाटस हा नेता मिळाला. त्यांचं म्हणणं सरळ होतं: डागाळलेल्या हाताने दिलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे. या लोकांना हेकट म्हणून मोकळं होऊ नये, बरं का. ज्यांच्या घरची माणसं शास्त्रासाठी मेली, त्यांनी ते देऊन टाकणाऱ्याच्या हातून प्रभुभोजन कसं घ्यावं?

आर्ल येथील परिषदेने 314 साली दिलेलं आणि पुढे ऑगस्टिनने खोलवर मांडलेलं उत्तर असं: बाप्तिस्मा देतो तो ख्रिस्त, पाळक निमित्तमात्र. पाळकाच्या पडण्याने ज्यांचा विश्वास डळमळतो, अशांनी हे पुन्हा पुन्हा वाचावं. पाळक शुद्ध असावा हे खरंच, पण आपलं तारण त्याच्या चारित्र्याच्या दाखल्यावर टांगलेलं नाही.

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण इतिहास अर्धा सांगणं हेही एक प्रकारचं हवाली करणंच. आधी सक्तीला विरोध करणाऱ्या ऑगस्टिनचं मत बदललं. शाही कायद्याच्या धाकाने आपलं गाव एकीत आलेलं त्याने पाहिलं, आणि धाक उपयोगी पडतो असं तो लिहू लागला. तत्त्व जिंकलं होतं. धीर संपला होता.

411 साली कार्थेजला दोन्ही बाजूंचे शेकडो बिशप समोरासमोर आले. त्याआधी ऑगस्टिनच्या पक्षाने एक पत्र लिहिलं होतं: आम्ही हरलो तर आमची बिशपपदं सोडू, जिंकलो तर तुमच्यासोबत ती वाटून घेऊ. किती मोठं मन! निकाल त्यांच्या बाजूने लागला. दुसऱ्याच वर्षी, 412 मध्ये, सम्राटाचा हुकूम आला आणि डोनाटसपंथीयांवर दर्जाप्रमाणे दंड बसला.