अमीर अलीचा साहेब : फिलिप मेडोज टेलर आणि ठगाची जबानी

१/
१८३९ साली लंडनमध्ये तीन खंडांची एक कादंबरी प्रसिद्ध झाली. तिचा निवेदक तुरुंगातला कैदी आहे. आपण ७१९ माणसे मारली, आणि बारा वर्षे कोठडीत गेली नसती तर हा आकडा हजारावर गेला असता, असे तो सांगतो. समोर बसलेला साहेब ऐकतो आणि लिहून घेतो. कादंबरीचे नाव 'कन्फेशन्स ऑफ अ ठग', लेखक फिलिप मेडोज टेलर. या गुन्हेकथेची सामग्री तुळजापूर, हिंगोली अशा आपल्या ओळखीच्या गावांच्या आसपास गोळा झाली. तिच्यामागचा काळ समजून घ्यायचा तर सुरुवात मात्र धुळ्याच्या रस्त्यावरून करावी लागते.

२/
१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे ठाणे निवडले. माळव्यातील अफू मुंबईकडे जाई आणि तिची किंमत सोने, चांदी, मोती यांच्या रूपाने इंदूरच्या सावकारांकडे परत येई. हा माल खानदेश ओलांडून सातपुड्याच्या घाटांकडे जात असे. आजचा मुंबई-आग्रा महामार्ग साधारण त्याच दिशेने जातो. बँका नव्हत्या, तारायंत्र नव्हते. साध्या वाटसरूच्या वेशातील काही माणसे अंगावर लाखमोलाचा ऐवज बांधून चालत. ठगांच्या जबान्यांत त्यांना 'रोकडिया' म्हटले आहे.

३/
रोकडियाचे संरक्षण म्हणजे त्याचे अनाम असणे, आणि नेमका त्याचाच फायदा मारेकरी घेत. घरून निघालेला माणूस महिनोन्‌महिने परतला नाही, तरी तो ताप येऊन गेला, नदीत वाहून गेला की मारला गेला, हे घरच्यांना कळण्याचा मार्ग नव्हता. ठग वाटेत ओळख काढत, दोन मुक्काम सोबत करत, तमाखूच्या निमित्ताने बसवत आणि रुमालाने गळा आवळत. प्रेत पुरले की गुन्ह्याचा माग उरत नसे. माफीच्या साक्षीदारांनी पुढे ज्या लुटी सांगितल्या, त्यांत खानदेशातून जाणाऱ्या रोकडियांच्या हत्याही होत्या.

४/
आता लेखकाकडे वळू. टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूल येथे झाला. १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, तो मुंबईतील एका व्यापारी पेढीत नोकरीसाठी आला. पेढीची स्थिती डबघाईची निघाली. नात्यातील एका अधिकाऱ्याच्या शब्दावर त्याला निजामाच्या फौजेत जागा मिळाली. ही गोष्ट महत्त्वाची आहे. तो कंपनी सरकारचा बडा सनदी अधिकारी कधीच नव्हता. शिक्षण अपुरे, वशिला तोकडा. पुढे जायचे तर एकच भांडवल हाताशी होते, ते म्हणजे भाषा.

५/
फारसी आणि हिंदुस्तानी तो शिकलाच, शिवाय मराठीही शिकला. विशीत असतानाच निजामाच्या नैर्ऋत्य मुलखात पोलीस खात्याचा साहाय्यक अधीक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. मुक्काम तुळजापूरला. देवीच्या यात्रेकरूंची वर्दळ, व्यापाऱ्यांचे तांडे आणि सरहद्दीवरच्या टोळ्या, असा तो मुलूख. दुभाष्यावर अवलंबून न राहता फिर्यादी आणि आरोपी यांचे म्हणणे त्यांच्याच बोलीत ऐकण्याची सवय त्याला इथे लागली. त्याच्या लेखनाचा पाया हीच सवय आहे.

६/
याच काळात वाटसरूंच्या हत्यांचे माग त्याच्या हाती येऊ लागले होते. तपास रंगात येत असतानाच त्याला पलटणीत परत बोलावण्यात आले. पुढे जबलपूरकडे विल्यम स्लीमन याने ठगांचे जाळे उघड केले आणि श्रेय त्याच्या नावावर जमा झाले. आपण तिथे राहिलो असतो तर हा शोध आपण आधी लावला असता, ही चुटपुट टेलरने आत्मचरित्रात नोंदवून ठेवली आहे.

७/
स्लीमनची मोहीम निजामाच्या मुलखात पोहोचली, तेव्हा टेलर जबान्या नोंदवण्याच्या कामी स्वतःहून पुढे झाला. दिवसचे दिवस तो खुनांच्या हकीकती लिहून घेत बसे. त्या हकीकती भयंकर एकसुरी होत्या आणि तरीही मनाची पकड सोडत नव्हत्या, अशी त्याची कबुली आहे. तीच ती ओळख, तोच तो मुक्काम, तोच तो रुमाल. कादंबरीकाराला पुरावा आणि कंटाळा एकाच वेळी हाताळावा लागतो. याची तालीम त्याला या दप्तरातच मिळाली.

८/
कादंबरीच्या प्रस्तावनेत त्याने हिंगोलीचा एक प्रसंग दिला आहे. हरिसिंग नावाचा व्यापारी छावणीत सर्वांच्या ओळखीचा, प्रतिष्ठित. मुंबईहून कापड आणायचे आहे, म्हणून त्याने अधिकाऱ्याकडून परवाना घेतला. कापड खरोखर वाटेवर होते, पण मालक दुसराच होता. हरिसिंगाने त्या मालकाला त्याच्या माणसांसह संपवले, परवाना दाखवून माल छावणीत आणला आणि उघडपणे विकला. पकडला गेल्यावर त्याने स्वतः सांगितले तेव्हा हे उघड झाले. छावणीलगत पुरलेली प्रेते माफीचे साक्षीदार एकेक करून दाखवत होते. काही खड्डे उकरताना टेलर तिथे हजर होता. शेवटी बघवेना म्हणून खोदकाम थांबवावे लागले.

९/
१८३३ मध्ये लंडनच्या 'न्यू मंथली मॅगझीन'मध्ये ठगांवरील त्याचा लेख आला. त्यातून पुढे कादंबरी उभी राहिली. तिची घडण जबानीची आहे. अमीर अली बोलतो, साहेब क्वचित मध्ये पडतो. लहानपणी आपल्या आईबापांना मारणाऱ्या ठगानेच त्याला मुलगा म्हणून वाढवलेले असते. पुढे तो नकळत सख्ख्या बहिणीचा गळा आवळतो. वाचक त्याचा तिरस्कार करत करत त्याच्या वाटेला लागतो. खुन्याच्या तोंडून खुनाची गोष्ट सांगण्याची ही पद्धत आज सवयीची वाटते, १८३९ मध्ये ती धक्कादायक होती.

१०/
पुस्तक गाजले. छपाईचे तपासलेले कागद जसजसे तयार होतील तसतसे राणी व्हिक्टोरियाकडे पाठवण्याची आज्ञा होती, असे टेलर लिहितो. आपल्याकडचा 'ठग' हा शब्द इंग्रजीत घरोघरी पोहोचवण्यात या कादंबरीचा मोठा वाटा आहे. मराठीत 'ठक' म्हणजे लबाड, फसवणारा, 'ठकास महाठक' मधला. इंग्रजीत तोच शब्द क्रूर गुंडासाठी रुळला.

११/
टेलर केवळ लेखक म्हणून कधीच जगला नाही. १८४० ते १८५३ या काळात तो लंडनच्या 'टाइम्स'चा बातमीदार होता. त्याच सुमारास शोरापूर संस्थानात अल्पवयीन राजाच्या वतीने कारभारही पाहत होता. रस्ते, जमीनमोजणी, न्यायनिवाडा, चित्रे आणि प्राचीन शिलावर्तुळांचा अभ्यास, हे सारे त्यात आले. १८५३ पासून तो नळदुर्गचा अधिकारी होता. १८५७ च्या धामधुमीत त्याची बदली खानदेशाला लागून असलेल्या बुलढाण्यास झाली.

१२/
प्रकृती ढासळल्यावर १८६० मध्ये तो मायदेशी परतला. इतक्या वर्षांची ऐकीव सामग्री तिथे कादंबऱ्यांत उतरली : 'तारा' (१८६३), 'राल्फ डार्नेल' (१८६५) आणि 'सीता' (१८७२). त्यांचे काळ अनुक्रमे १६५७, १७५७ आणि १८५७. 'तारा'ची नायिका तुळजापूरची आहे. १३ मे १८७६ रोजी फ्रान्समधील मांतों येथे त्याचे निधन झाले. मुलगी अॅलिस हिने त्याचे आत्मचरित्र पुढील वर्षी प्रसिद्ध केले.

१३/
आता खरा प्रश्न. गुन्ह्याची ही हकीकत जवळजवळ संपूर्ण खरी आहे, घटना जोडण्यापुरतीच कल्पना वापरली आहे, असे टेलर प्रस्तावनेत बजावतो. पण त्याच्यापुढे बोलणारा माणूस कोण होता? माफीचा साक्षीदार. त्याचा फास त्याच्या जिभेवर अवलंबून होता. जितकी नावे, जितके खून, जितका तपशील, तितकी त्याची उपयुक्तता अधिक. शिवाय बहुतेक जबान्या बोलीतून मुनशीच्या फारसीत किंवा हिंदुस्तानीत, आणि तिथून इंग्रजीत उतरत. टेलरने मधली पायरी वगळली, तरी भीतीची पायरी त्यालाही वगळता आली नाही.

१४/
सरकारने या जबान्यांवर कायदा उभारला. १८३६ च्या ३० क्रमांकाच्या कायद्यानुसार ठगांच्या टोळीत असल्याचे सिद्ध होणे एवढेच जन्मठेपेला पुरेसे होते. अमुक खून अमुक दिवशी केला, हे दाखवण्याची गरज उरली नाही. गुन्हा कृत्यातून निघून माणसाच्या ओळखीत शिरला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हीच कल्पना अख्ख्या जमातींवर लादली. तो कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानात लागू झाला आणि १९११ नंतर मुंबई इलाख्यातही आला. कैकाडी, कंजारभाट, भामटा अशा समाजांनी त्याची किंमत मोजली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी ते 'विमुक्त' ठरले. कपाळावरचा शिक्का मात्र त्या तारखेला पुसला गेला नाही.

१५/
याचा दोष एका कादंबरीवर टाकणे अन्यायाचे होईल. १८३६ चा कायदा तिच्या आधीचा आहे. पण जन्माने ठरलेला, पंथाने बांधलेला गुन्हेगार वाचकांना विश्वसनीय वाटावा, हे काम तिने कोणत्याही सरकारी अहवालापेक्षा अधिक परिणामकारक रीतीने केले.

१६/
इथे खानदेशाकडे पुन्हा पाहावे. ज्या काळात ठगांच्या याद्या तयार होत होत्या, त्याच काळात, १८२५ मध्ये, जेम्स आउट्रम याने धरणगाव भागात भिल्ल पलटण उभारायला घेतली. ज्यांना दप्तरात 'लुटारू' लिहिले जाई, त्यांतलेच तरुण गणवेश घालून पहाऱ्यावर उभे राहिले. लष्करी मोहिमाही झाल्या, त्या सौम्य नव्हत्या. तरी भिल्लांच्या बाबतीत सरकारने निदान एक दार उघडे ठेवले. गुन्हा रक्तात असतो, असे सरकार मानत होते, तर हे दार कसे उघडले? आणि मानत नव्हते, तर ठगांच्या आणि पुढे विमुक्त ठरलेल्या समाजांच्या बाबतीत ते बंद का केले?

१७/
ठग अस्तित्वातच नव्हते, असे म्हणणेही बरोबर नाही. हिंगोलीचे खड्डे खरे होते. किम वॅग्नर याने २००७ मधील आपल्या अभ्यासात मधली वाट दाखवली आहे. वाटमारी आणि खून खरे होते. कालीभक्तांचा देशव्यापी, वंशपरंपरागत गुप्त पंथ हा त्यावर चढवलेला अर्थ होता. दुष्काळ, मोडलेल्या फौजा आणि बेकार झालेले शिपाई यांच्याकडे पाहिले, तर वाटेवरचा मारेकरी देवीच्या आज्ञेपेक्षा पोटाच्या आज्ञेने चाललेला दिसू लागतो.

१८/
म्हणून 'कन्फेशन्स' वाचावी, अवश्य वाचावी, पण दोन कानांनी. एका कानाने अमीर अली ऐकावा. दुसऱ्याने, तो बोलत असताना साहेबाच्या लेखणीचा आवाज. ७१९ हा आकडा कैद्याने सांगितला, साहेबाने उतरवला, लंडनने विकत घेतला. त्या आकड्यामागची माणसे, मुंबईहून इंदूरकडे निघालेले रोकडिये, हिंगोलीच्या वाटेवरचा कापडवाला, यांपैकी कोणाचीही जबानी आपल्यापर्यंत आलेली नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्यांची जागा कागदावर मोकळी तरी ठेवली पाहिजे.

(धागा समाप्त. धुळे-शिरपूर-सेंधवा रस्त्यावरून जाल तेव्हा या रोकडियांची आठवण ठेवा.)