कोऱ्या कॅसेटची कुळकथा

पंढरपुरात देवळाच्या आसपासच्या पुस्तकांच्या दुकानांत वारकरी भजनी मालिका हमखास मिळते. तिच्यात नवं काव्य काहीच नसतं. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकाराम, जनाबाई, मंगळवेढ्याचा चोखोबा, अरणचा सावता माळी या सगळ्यांचे अभंग गाथांमध्ये आधीपासून आहेतच. तरीही ही मालिका वेगळी छापावी लागते, ती क्रमासाठी. पहाटे काकडा आणि भूपाळ्या, मग रूपाचे अभंग, वाराचे अभंग, वासुदेव, आंधळे-पांगळे, गौळणी, दिवस कलल्यावर हरिपाठ. एकादशीला काय म्हणायचं, द्वादशीला काय, काल्याला काय, हेही ठरलेलं. हजारो रचनांतून कुणीतरी निवड केली, वेळ आणि भाव पाहून ती ओळीने लावली, आणि पुढच्यांनी ती जपली.

मोबाइलवरच्या प्लेलिस्टचं कूळ शोधायला निघालेली माणसं बहुतेक वेळा अमेरिकेतल्या एखाद्या कंपनीपाशी जाऊन थांबतात. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाने आधी पंढरपूरला जावं, असं माझं म्हणणं आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचं शिस्तबद्ध रूप दिलं ते हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. शिंद्यांच्या पदरी राहिलेला हा माणूस. दिंड्यांची रचना जशी त्यांची, तसंच वाटेवरच्या भजनाचा क्रम बसवण्याचं श्रेयही परंपरा त्यांना आणि त्यांच्या सोबतच्या वासकरांसारख्या फडकऱ्यांना, म्हणजे वारकरी गटांच्या प्रमुखांना, देते. नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी ही आमच्या जिल्ह्यातली वाट चालताना दिंडीत कुणी विचारत नाही की आता काय म्हणायचं. छापील मालिका येण्याआधी हा क्रम बाडांतून उतरत असे. बाड म्हणजे हाताने लिहिलेली, पिढ्यान् पिढ्या घरात राहिलेली वही. एकाच्या बाडावरून दुसरा उतरवून घेई आणि उतरवताना आपल्या आवडीचे दोन-चार अभंग शेवटच्या पानांवर वाढवी. मला ती शेवटची पानं फार मोलाची वाटतात. क्रम फडाचा, पण ती पानं एकट्याची.

गाण्यांचा क्रम ही आपल्याकडे सगळीकडेच गंभीर बाब होती. तमाशात आधी गण, मग गौळण, बतावणी आणि शेवटी वग. मैफलीत भैरवी झाली की उठायचं. भैरवीनंतर दुसरा राग कुणी मागत नसे. पण या सगळ्या क्रमांमध्ये ऐकणाऱ्याला मत नव्हतं. निवड फडाची, सरदाराची, उस्तादाची. ऐकणाऱ्या साध्या माणसाच्या हातात ही निवड कशी आली, ती गोष्ट पुढची आहे आणि ती यंत्रांची आहे.

पहिलं यंत्र आलं त्याने निवड आणखीच आवळली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग 1902 साली कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. तासभर फुलणारा राग तीन मिनिटांत आटपू लागला आणि पुढे चित्रपटातलं गाणंही त्याच मापाचं झालं. काय मुद्रित करायचं हे कंपनी ठरवणार. गिऱ्हाइकाने तबकडी उलटायची, एवढंच त्याचं स्वातंत्र्य.

रेडिओने त्याला एक पोस्टकार्ड दिलं. माहिती आणि प्रसारण मंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवर चित्रपटगीतांना आळा बसला, तेव्हा श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. 1952 च्या डिसेंबरात तिथे अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अखेर 3 ऑक्टोबर 1957 ला आकाशवाणीने विविध भारती आणली. मराठीत ‘आपली आवड’ होतीच. पत्र लिहायचं, गाण्याचं नाव द्यायचं, खाली घरातल्या सगळ्यांची नावं घालायची आणि वाट पाहायची. गाणं लागलं तर आपलं नावही लागायचं. यात निवड होती, पण एका गाण्याची. त्याच्या आधी कोणतं गाणं आणि नंतर कोणतं, हे निवेदकाच्या हातात.

सोलापूरच्या रेडिओची मात्र एक खासियत होती. रात्री मध्यम लहरी लांबवर पोचतात, त्यामुळे अंधार पडला की इथल्या संचावर मुंबई-पुण्याबरोबर धारवाड, कलबुर्गी, हैदराबादही येत. हे शहर चार भाषांचं. इथले संत सिद्धरामेश्वर यांची वचनं कानडीत, पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरांत तेलुगू, मुस्लिम मोहल्ल्यांत दखनी उर्दू, आणि या सगळ्यांना जोडणारी इथली कानडी हेल घेतलेली मराठी. 1877 साली जुनी मिल निघाली, तिच्यामागून इतर गिरण्या आल्या, आणि चारी दिशांनी माणसं इथे कामाला आली. येताना त्यांनी आपापली गाणी आणली. एकाच वाड्यात एका खोलीत तेलुगू गायक घंटसालांचा आवाज, शेजारच्या खोलीत राजकुमारांचं कानडी गाणं, समोर सुलोचना चव्हाणांची लावणी. ऐकणाऱ्याच्या कानात हे सगळं एकत्र नांदत होतं. ते एका जागी, एका ओळीत मिळेल अशी सोय मात्र कुठेच नव्हती. कंपन्यांच्या याद्या भाषेप्रमाणे वेगळ्या, केंद्रांच्या वेळाही वेगळ्या.

ती सोय कोऱ्या कॅसेटने केली.

फिलिप्स कंपनीने 1963 साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ही चपटी कॅसेट पहिल्यांदा दाखवली. लू ओटेन्स या डच अभियंत्याच्या चमूचं हे काम. कॅसेट खिशात मावली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. आपल्याकडे तिचा खरा प्रसार व्हायला जवळजवळ दोन दशकं गेली. आखातात कामाला गेलेली माणसं रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेला टू-इन-वन घेऊन परतू लागली, आयातीचे नियम सैल झाले आणि ऐंशीच्या दशकात टेपरेकॉर्डर लग्नाच्या रुखवतापर्यंत पोचला. एचएमव्हीची, म्हणजे त्याच ग्रामोफोन कंपनीची, मक्तेदारी मोडली. गुलशनकुमार यांची टी-सीरिज आणि व्हीनससारख्या कंपन्यांनी स्वस्त कॅसेटांचा पूर आणला. जी गाणी तबकडीवर कधी आली नसती ती कॅसेटवर आली. आनंद शिंदे यांचं ‘नवीन पोपट हा’ आणि प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलगीतं गावोगाव पोचली, चौदा एप्रिलला भीमगीतं घराघरांतून ऐकू येऊ लागली.

पण मी सांगतोय ती कॅसेट दुकानात तयार मिळणारी नव्हे. ती ‘भरून घ्यायची’ कॅसेट. नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट घ्यायची, म्हणजे एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. शाळेच्या वहीचं पान फाडून त्यावर गाण्यांची यादी करायची आणि ती दुकानदाराकडे द्यायची. गाणं चार-साडेचार मिनिटांचं धरलं तर एका बाजूला दहा. शहाणा माणूस यादीच्या खाली रेघ मारून ‘जागा उरल्यास’ असं लिहून आणखी दोन-तीन छोटी गाणी देई. कारण बाजू संपताना गाणं मध्येच तुटलं तर ते कायम तुटलेलंच ऐकावं लागे. भीमसेन जोशींचा लांब अभंग हवा असेल तर दोन चित्रपटगीतं सोडावी लागत. काय सोडायचं याचा विचार माणसाला आपल्या आवडीची खरी ओळख करून देतो.

मग दुकानदाराचं कसब. एका बाजूला तबकडी किंवा मूळ कॅसेट, दुसऱ्या बाजूला कोरी. दोन गाण्यांमध्ये तीन-चार सेकंदांची शांतता, आवाजाची पातळी सगळीकडे सारखी. चांगला दुकानदार यादी वाचून सुचवतही असे : हे उदास गाणं या उडत्या गाण्यानंतर नको, बाजू बदलून टाकू या. काम झालं की कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे मोडायचे, म्हणजे चुकून कुणी त्यावर दुसरं काही भरणार नाही. मन बदललं तर त्याच खाचांवर चिकटपट्टी लावायची. आत घालायच्या पुठ्ठ्यावर ए बाजू, बी बाजू असं लिहून सुवाच्य अक्षरात गाण्यांची नावं, आणि कण्यावर कॅसेटचं नाव. ती नावं वाचण्यासारखी असत : सकाळची, प्रवास, हळद, वरात, जुनी दर्दभरी, आबांसाठी.

या कॅसेटांवर सोलापूरने आपला स्वभाव उतरवला. पहिलं गाणं बहुधा गणपतीचं. तमाशातला गण असा टेपरेकॉर्डरमध्ये येऊन बसला आणि ते कुणी ठरवून केलं नाही. शेवटी भैरवी किंवा निदान भैरवीच्या अंगाचं गाणं. मधल्या भागात अझीझ नाझांची कव्वाली, त्यानंतर कानडी भक्तिगीत, त्यानंतर वामनदादा कर्डकांचं गीत, लताबाई, दादा कोंडक्यांच्या चित्रपटातलं एखादं. भीमसेन जोशी गदगचे, त्यामुळे त्यांची मराठी संतवाणी आणि त्यांची कानडी दासवाणी एकाच बाजूला येणं इथल्या माणसाला अगदी स्वाभाविक वाटे. ज्ञानोबा-तुकोबा आणि पुरंदरदास शेजारी शेजारी. अशी कॅसेट कुठल्याही कंपनीने काढली नसती, कारण तिचा ग्राहक फक्त एका घरात राहत होता. भाजीत मीठ ज्याने त्याने आपल्या जिभेने घालावं, तशी ही कॅसेट होती.

हे सगळं कॉपीराइट कायद्याच्या विरुद्ध होतं, हे मान्य करायलाच हवं. दुकानदार कुठल्याही गीतकाराला, गायकाला पैसे देत नव्हता. कंपन्यांची तक्रार रास्त होती. ब्रिटनमध्ये तर तिथल्या कंपन्यांच्या संघटनेने घरगुती टेपिंग संगीताचा जीव घेत आहे, अशी मोहीमच ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला काढली होती. संगीत मेलं नाही, पण कलावंतांचा हक्क बुडाला हे खरं. तरी माझा कौल असा की सामान्य श्रोत्याला निवड आणि क्रम हे दोन्ही अधिकार एकत्र मिळाले ते याच दुकानांत. फडकऱ्याकडे जे होतं ते गिरणीतल्या साच्यावरच्या कामगाराकडे, घरी विडी वळणाऱ्या बाईकडे आलं. ते रीतसर येण्याची वाट त्या काळी कुणी बांधली नव्हती.

आणि कॅसेट दिली जायची. बहिणीला सासरी जाताना, मित्राला नोकरीसाठी पुण्याला जाताना. देणाऱ्याने आपला वेळ त्यात घातलेला असे, घेणाऱ्याला ते कळत असे.

पुढची पिढी लवकर उरकण्यासारखी आहे. एमपी3 सीडीवर दीडशे गाणी मावू लागली आणि काय सोडायचं हा प्रश्न संपला. मग मोबाइलच्या दुकानांवर ‘मेमरी कार्ड भरून मिळेल’ अशा पाट्या लागल्या. भरून घेण्याची भाषा टिकली, पण यादी गेली. लोक ‘जुनी हिंदी टाका, थोडी लावणी टाका’ एवढंच सांगत. 2001 मध्ये आयपॉड आला होता, पण आपल्याकडे ते काम स्वस्त मोबाइलनेच केलं. 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झालं, 2019 च्या फेब्रुवारीत स्पॉटिफाय भारतात आलं, आणि कोट्यवधी गाणी बोटाखाली आली. आता प्लेलिस्ट आपोआप तयार होऊन समोर येते. तुम्ही काल काय ऐकलंत त्यावरून आज काय ऐकाल, हे संगणक ठरवतो. सकाळची, प्रवासाची, उदास मनाची, सगळ्यांसाठी वेगळी. भजनी मालिकेचा क्रम फडाने ठरवला होता, निदान फड कोण ते माहीत होतं आणि त्या क्रमाला कारण होतं. या नव्या क्रमामागे कोण आहे आणि त्याला काय हवंय, हे ऐकणाऱ्याला सांगितलं जात नाही. हातात आलेला अधिकार आपण सोयीखातर परत दिला, असं मला वाटतं, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उपाय मात्र कठीण नाही. त्याच ॲपमध्ये आपली यादी आपल्याला करता येते. वीसच गाण्यांची करा, नव्वद मिनिटांच्या आत बसवा, क्रम स्वतः लावा आणि एका ठरावीक माणसासाठी करा.

दुसरी विनंती सोलापूरकरांना आहे. माळ्यावर किंवा शोकेसच्या खालच्या खणात जुन्या भरून घेतलेल्या कॅसेटा असतील. पट्टीवरचा चुंबकीय थर वर्षागणिक झडतो आहे. चित्रपटगीतं इतरत्र मिळतील, पण गल्लीतल्या भजनी मंडळाचं, लेझीमच्या ताफ्याचं, आजीच्या ओव्यांचं काही कुणी टेपवर घेतलं असेल तर ते दुसरीकडे कुठेच नाही. ते आधी संगणकावर उतरवून घ्या. आणि पट्टी वाजत नसली तरी आतला पुठ्ठा टाकू नका. त्यावर आपल्या घरातल्या माणसाने चार भाषांतली गाणी कोणत्या ओळीने लावली होती ते लिहिलेलं आहे. त्याचा फोटो काढा, तारीख आठवत असेल तर मागे लिहा, आणि बाडासारखं ते पुढच्याच्या हाती द्या.