कुलूपबंद खोली आणि आपला असीरगड

बऱ्हाणपुरात मास्तरकी करणाऱ्याला पालक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, मुलांना मराठी नीट येईल ना? आणि दुसरा, अलीकडचा, मुले तासन् तास पडद्यापुढे बसून खेळत असतात, त्यांचे काय करायचे? पहिल्या प्रश्नावर आपण सीमेवरची माणसे जन्मभर बोलतच असतो. आज दुसऱ्याविषयी चार शब्द लिहायचे आहेत, आणि तेही एकाच जातीच्या खेळापुरते. कारण तो खेळ मी स्वतः खेळतो. इतिहासाचा एम. ए., वय पन्नाशीच्या पुढे, हायस्कूलचा हेडमास्तर, आणि हा गृहस्थ रात्री जेवणानंतर अर्धा तास कॉम्प्युटरवर कुलूपबंद खोलीतून बाहेर पडण्याची खटपट करतो, हे ऐकून काहींना हसू येईल. येऊ द्या.

खेळ असा. पडद्यावर एक खोली दिसते. दार बंद. एक पलंग, एक टेबल, खणांचे कपाट, भिंतीवर तसबीर, खिडकीला पडदा. मागचे-पुढचे काही सांगितलेले नसते. माउसचा बाण हव्या त्या वस्तूवर न्यायचा आणि टिचकी मारायची. दहातल्या नऊ टिचक्या वाया जातात. मग केव्हातरी उशीखाली किल्ली सापडते, किल्लीने खण उघडतो, खणातल्या चिठ्ठीवर चार आकडे निघतात, आणि ते आकडे कोणत्या कुलपाचे हे शोधताना झोपेची वेळ टळून जाते. शत्रू नाही, गोळीबार नाही, बहुधा घड्याळाची घाईही नाही. नियम एकच. सुटकेसाठी लागणारी प्रत्येक वस्तू त्या खोलीतच असते. बाहेरून कोणी काही आणून देत नाही.

या खेळालाही वंशावळ आहे. १९७५-७६ च्या सुमारास विल्यम क्राउदर या अमेरिकन प्रोग्रामरने एक खेळ लिहिला. क्राउदर गुहा धुंडाळणाऱ्यांपैकी होता, आणि केंटकीमधल्या मॅमथ केव्ह या प्रचंड गुहेचा एक भाग त्याने खेळात जसाच्या तसा उतरवला. त्यात चित्र नव्हते, सगळे शब्दांत. ‘उत्तरेला जा’, ‘दिवा घे’ असे टाइप करायचे. १९९३ साली मिलर बंधूंचा ‘मिस्ट’ आला आणि शब्दांची जागा चित्राने व टिचकीने घेतली. पुढे २००४ मध्ये जपानच्या तोशिमित्सु ताकागी यांचा ‘क्रिमझन रूम’ इंटरनेटवरून जगभर पसरला. एक लाल खोली, बंद दार, बस्स. त्यात वाचायला फारसे नव्हतेच, म्हणून तो कुठेही खेळता आला. घरी मराठी, बाजारात निमाडी, शाळेत हिंदी आणि पुढच्या परीक्षांना इंग्रजी अशी कसरत करणाऱ्या आपल्याकडच्या मुलाला अशा खोलीत भाषा आडवी येत नाही, हे मला मास्तर म्हणून फार मोलाचे वाटते. २००७ मध्ये क्योतोच्या ताकाओ कातो यांनी हाच खेळ खऱ्या खोलीत माणसांना कोंडून मांडला. त्या तऱ्हेच्या खोल्या आता पुण्या-मुंबईतही आहेत.

आता हा खेळ खेळताना मला आपला इतिहास का आठवतो, ते सांगतो.

ऑगस्ट १६६६ मधील आग्र्याची सुटका घ्या. परंपरेने सांगितलेली हकीकत आपल्याला पाठ आहे. मिठाईचे पेटारे, आजाराचे निमित्त, पलंगावर झोपलेला हिरोजी फर्जंद. यातली कोणती वस्तू बाहेरून आणलेली होती? एकही नाही. पेटारे, पलंग, पांघरूण, सारे त्या डेऱ्यातलेच. पेटारे रोज जात राहिले, आणि पहारेकरी जे रोज पाहतो ते त्याला दिसेनासे होते. कुलूप तेथेच सैल झाले.

दुसरी हकीकत आपल्या वाटेवरची आहे, आणि ती मात्र पाठ्यपुस्तकात सहसा भेटत नाही. नागपूरचे अप्पासाहेब भोसले यांना इंग्रजांनी कैद करून प्रयागेकडे चालवले होते. १३ मे १८१८ च्या पहाटे, जबलपूरच्या वाटेवरील मुक्कामातून, ते शिपायाचा पोशाख चढवून पहारा बदलण्याच्या वेळी पहारेकऱ्यांबरोबरच बाहेर पडले. काही शिपाई फितूर झाले होते. बिछान्यावर त्यांच्या जागी उशी ठेवलेली होती. एक उशी आणि एक गणवेश! महादेवाच्या डोंगरात काही महिने काढून १८१९ च्या आरंभी अप्पासाहेब असीरगडाच्या आश्रयाला आले. शिंद्यांचे किल्लेदार जसवंतराव लाड तेव्हा गडावर होते. एप्रिल १८१९ मध्ये वेढा देऊन इंग्रजांनी गड घेतला, पण हवा होता तो कैदी त्यांना तेथे मिळाला नाही. अप्पासाहेब पुढे पंजाबात गेले, शेवटी जोधपूरला राहिले आणि १८४० मध्ये तेथेच वारले. गादी परत मिळाली नाही. पण इंग्रजांच्या हातीही ते पुन्हा सापडले नाहीत.

बाहेर पडण्याची जी रीत, तीच कधी आत शिरण्याची. असीरगड फारुकींच्या हाती कसा गेला, याची गोष्ट फेरिश्ताने दिली आहे. नासिरखान फारुकीने गडाच्या आसा अहिराकडे आपल्या बायकामाणसांसाठी आसरा मागितला, आणि डोल्यांतून शिपाई वर पाठवले. येथेही डोली ही अगदी रोजची वस्तू. डोलीचा पडदा उचलून पाहायचा नाही, हा शिष्टाचार हेच त्या दाराचे कुलूप होते आणि तीच किल्लीही.

येथवर खेळ आणि इतिहास जोडीने चालतात. पुढे मात्र त्यांची फारकत होते, आणि मुलांना तीच नीट समजावी असे मला वाटते.

खेळातली किल्ली कोणीतरी मुद्दाम ठेवलेली असते. वाट आहेच, ही हमी खेळ रचणाऱ्याने दिलेली असते. इतिहासात अशी हमी कोणी देत नाही. १६०० साली अकबर बऱ्हाणपुरात आला आणि असीरगडाला वेढा पडला. डिसेंबरात शेवटचा फारुकी राजा बहादुरखान बोलणी करण्यासाठी गडाखाली उतरला, तो परत वर गेलाच नाही. त्याला अटकेत ठेवले गेले. गडावरची माणसे तरीही लढत राहिली. जानेवारी १६०१ मध्ये दरवाजे उघडले. ते कसे उघडले? अबुल फजल या मोहिमेत स्वतः होता. तो गडावरच्या रोगराईकडे बोट दाखवतो. जेझुइट पाद्री जेरोम झेविअर त्या वेळी अकबराबरोबर होता. त्याच्याकडून आलेल्या हकिकतीत शपथ देऊन बोलावलेल्या राजाचा विश्वासघात आहे, आणि गडावरच्या सरदारांना चारलेले सोने-रुपे आहे. दोघेही जवळचे साक्षीदार आणि दोघांच्या हातातली किल्ली वेगळी. इतिहासकार यावर शंभर वर्षे भांडत आले आहेत. पडद्यावरच्या खोलीत चुकीचे आकडे फिरवले तर कुलूप उघडत नाही, म्हणून आपण चुकलो हे लगेच कळते. असीरगडाच्या दाराशी असे कळत नाही. तेथे साक्षीदार कोण, तो कोणाच्या पगारावर, त्याला काय लपवायचे होते, हे प्रश्न विचारत बसावे लागते आणि कित्येकदा उत्तर अर्धेच घेऊन परतावे लागते.

म्हणून हा खेळ म्हणजे इतिहासाचा अभ्यास असे मी म्हणणार नाही. पण अभ्यासाची पहिली पायरी तो नक्की शिकवतो. दिसते त्यावर थांबायचे नाही, उशी उचलून पाहायची, आणि एका जागी सापडलेली गोष्ट दुसऱ्या जागी लागू पडते का ते ताडून पाहायचे. कागदपत्र वाचणारा याहून वेगळे काय करतो?

या खेळाने मला आणखी एक गोष्ट दाखवली. हे बहुतेक खेळ ‘फ्लॅश’ नावाच्या साधनावर चालत. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबी कंपनीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि १२ जानेवारी २०२१ पासून ब्राउझरमध्ये ते चालेनासे झाले. हजारो खोल्या एका दिवसात बाहेरून बंद झाल्या. पोलंडच्या मातेउश स्कुटनिक यांनी २००५ ते २०१५ अशी दहा वर्षे ‘सबमशीन’ ही मालिका रचली; तिचे मूळ रूप फ्लॅशचेच. सुदैवाने काही मंडळींना हे आधीच दिसले होते. २०१८ पासून ‘फ्लॅशपॉइंट’ नावाच्या प्रकल्पात हौशी लोकांनी असे खेळ गोळा करून ठेवले, आणि ‘इंटरनेट आर्काइव्ह’नेही २०२० मध्ये त्यांना जागा दिली. पोरखेळ म्हणून कोणी हसले असेल. पण वीस वर्षांपूर्वी मुले काय खेळत होती हे उद्याच्या इतिहासकाराला त्यांच्यामुळेच कळेल.

वीस वर्षांच्या खेळासाठी माणसे इतकी धडपडतात. आपल्या घरांत मात्र आजोबांच्या मोडीतल्या वह्या, जुनी दस्तऐवजे, पत्रे माळ्यावर वाळवीच्या स्वाधीन असतात. वाचणारे कोणी उरले नाही की तीही आतून बंद झालेली खोलीच. बऱ्हाणपूर, खंडवा, बैतूलकडच्या मराठी घरांत असे किती कागद असतील! त्यांत कदाचित लग्नाचा खर्च निघेल, कदाचित जमिनीचा तंटा, कदाचित काहीच नाही. टिचकी मारल्याखेरीज ते कळायचे नाही.

तेव्हा पालकहो, मूल अशा खोलीत अडकलेले दिसले तर त्याच्यावर ओरडू नका. शेजारी खुर्ची ओढून बसा आणि त्याने काय काय पाहिले ते विचारा. आणि दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस काढून खंडव्याच्या रस्त्याने सुमारे २० किलोमीटरवरच्या असीरगडावर त्याला घेऊन जा. दरवाज्यापाशी उभे करून विचारा, १६०१ मध्ये हे दार कसे उघडले असेल? उत्तर तुम्ही देऊ नका. त्याला शोधू द्या.