शाळा पालिकेची, पोरं दुसऱ्यांची

मुलगी येत्या जूनमध्ये तीन वर्षांची होईल. मुंबईत हे वाक्य नुसतं आनंदाचं नसतं, त्याच्या मागोमाग एक प्रश्न येतो : "ॲडमिशन कुठे?" लिफ्टमध्ये, कॅन्टीनमध्ये, स्टँडअप कॉलच्या आधीच्या दोन मिनिटांतसुद्धा. आमच्या भांडुपच्या भाड्याच्या घराच्या खिडकीतून महापालिकेची एक तीन मजली शाळा दिसते. अंतर चालत चार मिनिटं. आणि गंमत म्हणजे आम्ही नवरा-बायकोने एक्सेल शीटमध्ये ज्या अकरा शाळा लिहिल्या, त्यात ही नव्हती! बाद केली असं नाही, मनातच आली नाही.

मी स्वतः नांदगाव पेठेच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीपर्यंत शिकलो. बाबा झेडपीचेच मास्तर. म्हणून रविवारी त्यांना फोन लावला. ते आधी हसले आणि मग म्हणाले, "अबे, मी तीस वर्षं झेडपीत शिकवलं, अन् तुले पाचवीत अमरावतीले टाकलं. मले काय इचारतं तू?"

बोलती बंद. म्हटलं, चला, निदान इतिहास तरी वाचू. सवयच आहे, एखादी सिस्टीम का बोंबलते ते बघायचं तर आधी तिचं जुनं डिझाइन काढून बघायचं.

तर सुरुवात १८८२ पासून. त्या वर्षी हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं करा, ही त्यातली मागणी आपण शाळेत वाचलेली असते. (परीक्षेपुरती का होईना.) पण त्याच निवेदनात आणखी एक मुद्दा आहे, जो मला माहीतच नव्हता. फुल्यांचं म्हणणं असं, की नगरपालिकांकडून आपापल्या हद्दीतल्या प्राथमिक शिक्षणाचा पैसा जरूर घ्या, पण शाळांचा कारभार मात्र त्यांच्या हाती देऊ नका, तो शिक्षण खात्याकडे ठेवा. मला जरा धक्काच बसला. सत्ता लोकांच्या जवळ आली की बरं, असं आपण धरून चालतो. पण तेव्हाच्या नगरपालिकेत 'लोक' म्हणजे कोण? कर भरणारे, मालमत्तावाले, शिकलेले. ज्यांची पोरं त्या शाळेत बसायची, त्यांना मत नव्हतं.

झालं मात्र उलटं. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात कलम ६१ आहे, पालिकेच्या बंधनकारक कामांचं. रस्ते, गटारं, दिवे यांच्या रांगेत प्राथमिक शाळाही येऊन बसल्या. यातला 'प्राथमिक' हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग गोखले. १६ मार्च १९११ ला त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. आज वाचलं तर फारच मवाळ वाटतं : सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरतं, आणि तेही स्थानिक संस्थांना वाटलं तर. तरी पुढच्या वर्षी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. विरोधात फक्त साहेब नव्हते, आपलेही होते. खर्च कुणी करायचा, कर कुणी भरायचा आणि सगळीच पोरं शाळेत गेली तर शेतावर राबायला कोण, हे सवाल. संस्थानिक मात्र पुढे होते. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर सक्ती आणली होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कायदा केला आणि मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. ब्रिटिश मुलखात १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्याचा कायदा करवून घेतला, पण तो मुंबई शहर सोडून! शहरासाठी वेगळा कायदा १९२० साली झाला. आमच्या वऱ्हाडाला लागू होणारा मध्यप्रांताचा कायदाही १९२० चाच. मुंबईत प्रत्यक्ष सक्ती १९२५ मध्ये सुरू झाली ती एफ आणि जी वॉर्डात, म्हणजे परळ-दादर-वरळीच्या गिरणगावाच्या पट्ट्यात. गिरणी कामगारांची पोरं पहिल्यांदा पाटी घेऊन पालिकेच्या इमारतीत शिरली.

आता इथे थोडं थांबू, कारण माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. मुंबई पालिकेची निवडणूक सर्व प्रौढांच्या मतदानाने पहिल्यांदा झाली १९४८ मध्ये. म्हणजे साठ वर्षं शाळा चालवणारे आणि शाळा वापरणारे हे दोन वेगळे गट होते. सॉफ्टवेअरमध्ये असं झालं की काय होतं, हे आपल्याला चांगलं माहीत आहे. ज्याने ते कधी वापरायचंच नाही, तो रिक्वायरमेंट लिहितो.

बरं, १९४८ नंतर गरिबाला मत मिळालं. पण मध्यमवर्ग तोवर दुसरीकडे वळला होता. तो गेला अनुदानित खाजगी मराठी शाळांत. शिवाजी पार्कचं बालमोहन १९४० चं. या शाळा उत्तम होत्या, त्यांना नावं ठेवायचा प्रश्नच नाही. आमच्याकडेही पंजाबराव देशमुखांनी शिवाजी शिक्षण संस्था काढली नसती, तर वऱ्हाडातल्या किती शेतकऱ्यांच्या घरात पहिला पदवीधर झाला असता? पण मुंबईत परिणाम असा झाला, की ज्याला तक्रार करता येते, अर्ज लिहिता येतो, नगरसेवकाला गाठता येतं, तो पालक पालिकेच्या शाळेबाहेर राहिला.

मग जानेवारी १९८२. गिरण्यांचा संप. गिरण्या बंद पडत गेल्या, चाळीतली माणसं विरार-कल्याणकडे सरकली, काही गावी परतली. त्या पट्ट्यातल्या मराठी शाळांचे वर्ग रिकामे व्हायला लागले. जे राहिले त्यांनी पोट मारून पोरांना इंग्रजी शाळेत घातलं. पालिकेच्या शाळा आठ भाषांत शिकवतात. देशात असं दुसरं उदाहरण शोधूनच काढावं लागेल. पण जिथे पालकांना इंग्रजी हवी होती, तिथे ती फार उशिरा पोचली. आणि तो 'प्राथमिक' शब्द आठवतोय ना? बंधन प्राथमिकचंच, म्हणून बहुतेक शाळा सातवी-आठवीला संपतात. पुढे दुसरी शाळा शोधा. बाप नाक्यावर कामाला, आई धुणीभांडी करते. त्या घरात हे शोधकाम कोण करणार? गळती सुरू होते ती इथे. पोरगी हुशार नाही म्हणून शाळा सुटते असं नाही, जिना संपतो म्हणून सुटते.

२००९ मध्ये शिक्षण हक्क कायदा आला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यात खाजगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांना ठेवल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला ही सक्ती नाही. जुलैमध्ये हायकोर्टाने तो बदल रद्द केला. मला त्यातली एक गोष्ट बोचली. 'जवळ पालिकेची शाळा आहे ना, मग तिकडे जा' हे आपण फक्त गरिबाला सांगतो. माझ्या खिडकीपासून तर ती चार मिनिटांवर आहे. मला कुणी सांगितलं नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. २०२० मध्ये पालिकेने आपल्या शाळांना 'मुंबई पब्लिक स्कूल' असं नाव दिलं आणि सीबीएसई, आयसीएसई बोर्डाच्या काही शाळा काढल्या. तिथे जागांपेक्षा अर्ज कितीतरी जास्त आले, लॉटरी काढावी लागली! म्हणजे पालक पालिकेला कंटाळलेत हे अर्धसत्य आहे. हवं ते दिलं तर ते त्याच पालिकेच्या दारात रांग लावतात. फक्त भीती अशी, की चार शाळा चकाचक होतील आणि बाकीच्यांचे दोन-दोन वर्ग एकत्र होत राहतील. पालिकेच्या आतच पुन्हा दोन गट.

परवा शनिवारी शेवटी त्या शाळेत जाऊन आलो. वॉचमनने विचारलं, "कुणाच्या कामासाठी आलात?" "ॲडमिशनचं विचारायचंय" म्हटलं, तर त्याने माझ्या बुटांकडे बघितलं. मुख्याध्यापक बाईंनी मात्र नीट बसवून अर्धा तास दिला, वर्ग दाखवले. भिंती स्वच्छ, बालवाडीचा वर्ग छान. दोन शिक्षिका निवडणुकीच्या कामावर गेलेल्या, म्हणून एका वर्गात दोन इयत्ता बसलेल्या. निघताना बाई म्हणाल्या, "तुमच्यासारखे दहा पालक आले ना, तर मी वरती भांडू शकते."

घरी येऊन एक्सेलमध्ये बारावी ओळ घातली. बायको म्हणाली, "ओळ घालणं सोपं आहे रे." खरंय. फी, अंतर, बोर्ड सगळे रकाने भरले. शेवटच्या रकान्यात मी लिहिलं होतं 'रिस्क'. तिथे काय लिहावं कळेना, कारण ती रिस्क माझी नाही, तीन वर्षांच्या एका मुलीची आहे. बाबांनाही पाचवीत मला अमरावतीला धाडताना हेच वाटलं असणार.

फॉर्मची मुदत संपायला अजून वेळ आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये त्याच वयाची आणखी सहा पोरं आहेत. या रविवारी त्यांच्या आईबापांना चहाला बोलावलंय. दहा नाही, पण सात तरी होतात का बघू.