पोच नसलेला अर्ज



मागच्या पावसाळ्यात आमच्या वस्तीच्या स्मशानभूमीच्या रस्त्याबद्दल आम्ही आमदारांना ईमेल केला. दुसऱ्याच मिनिटाला तो परत आला, मेलबॉक्स भरलेला. दुसरा पत्ता मिळवला, त्यावर गेला. चार महिने उत्तर नाही. शेवटी फोन केला तर स्वीय सहायक म्हणाले, "ईमेल कोण बघतंय? प्रत्यक्ष या." प्रत्यक्ष गेलो तर साहेब दौऱ्यावर.

काही मित्र याला तांत्रिक अडचण म्हणतात. मला ते पटत नाही. अर्जाला उत्तर न मिळण्याचा आपला इतिहास संगणकापेक्षा बराच जुना आहे.

शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ साली सासवडला ५१ गावांतल्या महारांची सभा भरवली आणि १५८८ सह्यांचा अर्ज मुंबई सरकारकडे धाडला. १९१० मध्ये त्यांनी थेट लंडनला, भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू यांच्याकडे दाद मागितली. मागणी काय, तर सैन्यात, पोलिसांत शिपाई म्हणून घ्या आणि सरकारी नोकरीतल्या खालच्या जागा तरी द्या. पण १११वी महार पलटण उभी राहायला १९१७ साल उजाडले. सह्यांचा आकडा पाहून नव्हे, महायुद्धाला माणसे कमी पडली म्हणून! युद्ध संपले आणि १९२१ मध्ये पलटण मोडली. त्या अर्जदारांच्या हातात मत नव्हते. त्यांना उत्तर दिले नाही म्हणून कुणाची खुर्ची हलणार नव्हती.

आज मत आहे. मग उत्तर का नाही? इथे पुणे कराराकडे वळावे लागते. १९३२ च्या जातीय निवाड्यात अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ होता, म्हणजे आपला प्रतिनिधी फक्त आपल्या मतांवर निवडून येणार होता. करारात जागा वाढून १४८ झाल्या, पण अंतिम निवड संयुक्त मतदारांकडे गेली. बहुसंख्याकांच्या मतांवर आलेला माणूस बहुसंख्याकांचेच ऐकेल, ही बाबासाहेबांची तक्रार पुढेही कायम राहिली. आज महाराष्ट्र विधानसभेत अनुसूचित जातींसाठी २९ जागा राखीव आहेत, आमचा मतदारसंघ त्यांतलाच. पण इथेही आपली मते अल्पसंख्यच. आमदार आपल्यातला असला तरी त्याला निवडून आणणारे वेगळे आहेत. आपला ईमेल न वाचल्याने त्याचे नुकसान किती, हे त्याला आपल्यापेक्षा चांगले कळते.

बाबासाहेबांनी नुसत्या कागदावर भिस्त ठेवली नाही. १९३७ मध्ये त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक विधानसभेत मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर नेला. स्वतः सभागृहाचे सदस्य असताना! तरी खोती रद्द करणारा कायदा यायला १९४९ उजाडले.

गेल्या आठवड्यात आम्ही तोच मजकूर कागदावर उतरवला, घरोघरी फिरून सह्या घेतल्या आणि दोन प्रती घेऊन पस्तीस जण आमदारांच्या कार्यालयात गेलो. पोच मागितली तर तिथला मुलगा गोंधळला, शिक्काच नव्हता. बाहेर उभ्या बायका हलेनात, तेव्हा त्याने तारीख टाकून सही केली. त्या प्रतीच्या झेरॉक्स काढून वस्तीत वाटल्या आहेत.